जुन्या शिकारी बंदुकीचे आवाज

खंडेनवमीच्या सकाळीं छत्रपति संभाजीनगरांतील, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेंतील, एकाद्या जुन्या वाड्यांत कपाटाच्या तळाशीं गुंडाळून ठेवलेली बंदूक बाहेर निघते. ती आजोबा-पणजोबांच्या वेळची असते; कधीं काळीं शिकारीला नेलेली आणि आतां वर्षांतून एकदांच पूजेसाठीं हातांत येणारी. तिला पुसतां पुसतां घरांतील कोणीतरी म्हणतो, "हिच्या पोटांत कांहींतरी खडखडतें आहे." एकजण कान लावतो, दुसरा हलवून पाहतो. अखेर "जुनी वस्तु, चालायचेंच" असा निकाल लागतो, हळदकुंकू वाहिलें जातें आणि बंदूक पुन्हां वर्षभर अंधारांत जाते.

हा निकाल फार घाईचा आहे. घड्याळजी घड्याळ उघडण्यापूर्वीं तें कानाशीं धरतो, तें उगीच नव्हे. यंत्राचा प्रत्येक आवाज कशाचा तरी असतो, आणि बंदूक हेंही एक यंत्रच आहे. तिचे कांहीं आवाज अगदीं निरुपद्रवी असतात. कांहीं दुरुस्तीची मागणी करतात. आणि दोन-तीन असे आहेत कीं, त्यांचा अर्थ न कळल्यास हात, डोळा किंवा प्राणही जाण्याचा प्रसंग येतो. कोणता आवाज कोणत्या जातीचा, हें ओळखण्यास मोठी विद्या लागत नाहीं. सावध कान आणि थोडा धीर एवढें पुरतें.

परंतु कान लावण्याच्या आधीं एक गोष्ट झालीच पाहिजे. बंदूक रिकामी आहे हें दुसऱ्याच्या सांगण्यावरून मानूं नये. ज्याच्या नांवानें परवाना आहे त्यानें नळीचें तोंड निर्धोक दिशेला धरून ती स्वतः उघडावी. काडतुसाचें घर व पेटी डोळ्यांनीं पाहावी आणि मग बोटानेंही चाचपावी. काडतुसें त्या वेळीं दुसऱ्या खोलींत कुलुपांत असावीं. ठासणीच्या बंदुकीच्या बाबतींत तर अधिकच जपलें पाहिजे, कारण आंत बार आहे कीं नाहीं हें बाहेरून दिसत नाहीं. काळी दारू कोरडी राहिली तर पिढ्यान् पिढ्या टिकते. पणजोबांनीं भरलेला बार पणतवाच्या हातांत जिवंत निघूं शकतो. यासाठीं जुन्या जाणत्यांची रीत अशी कीं, गज नळींत अलगद सोडावा आणि नळीच्या तोंडाशीं त्याच्यावर खूण करावी. मग तोच गज, खूण नळीच्या तोंडाशीं जुळवून, बाहेरून नळीला लावून पाहावा. गजाचें टोक नळीच्या बुडाशीं असलेल्या छिद्रापर्यंत न पोंचतां बरेंच अलीकडे राहिलें, तर आंत कांहींतरी आहे असें निश्चित समजावें. तें काय आहे हें घरीं उकरून पाहूं नये. तें काम कारागिराचें.

आतां आवाजांकडे वळण्यापूर्वीं थोडें मागें जाणें उपयोगाचें होईल. २८ एप्रिल १८१९ रोजीं जॉन स्मिथ नांवाचा मद्रास घोडदळाचा एक इंग्रज अधिकारी याच जिल्ह्यांतील अजिंठ्याच्या डोंगरांत वाघाच्या शिकारीला आला होता. वाघाच्या शोधांत असतां वाघूर नदीच्या पलीकडे, झाडींत बुडालेल्या कड्यांत, त्याला एक कोरीव कमान दिसली. तेंच अजिंठ्याचें दहावें लेणें. तेथील एका खांबावर त्यानें आपलें नांव व तारीख कोरून ठेवली. ही हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु त्या काळच्या शिकाऱ्याच्या हातांतील बंदुकीचा विचार सहसा कोणी करीत नाहीं.

तो काळ चकमकीच्या बंदुकीचा. तिचा चाप ओढला म्हणजे एकामागून एक तीन आवाज होत. प्रथम गारगोटी पोलादावर आपटल्याचा 'खट्'. मग कानाशीं ठेवलेली रंजक पेटल्याचा 'फुस्'. आणि त्यानंतर मुख्य बाराचा 'धडाम्'. या तिहींच्या मधल्या निमिषांत सावज दचके, नेम हले आणि पावसाळ्यांत तर तिसरा आवाज पुष्कळदां होतच नसे. पुढें आघातानें पेटणाऱ्या द्रव्याचा उपयोग बंदुकींत करण्याची युक्ति निघाली. स्कॉटलंडांतील अलेक्झांडर फोर्साइथ या धर्मोपदेशकानें तिचें पेटंट १८०७ सालीं घेतलें होतें. तिच्यांतून तांब्याची टोपी निघाली आणि तिहींचे दोन आवाज झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत टोपी, दारू व गोळी एकत्र धारण करणारें पितळी काडतूस रूढ झालें, तेव्हां दोहोंचा एक झाला. बंदुकीच्या या सुधारणेचें सार एकाच वाक्यांत सांगतां येईल: चाप ओढणें आणि बार होणें यांमधील वेळ नाहींसा करणें. त्यावरून दोषपरीक्षेचें पहिलें सूत्र मिळतें. जे आवाज एकजीव झाले होते ते जुन्या बंदुकींत पुन्हां वेगळे ऐकूं येऊं लागले, तर ती बंदूक किंवा तिचें काडतूस आजारी आहे.

हें सूत्र मनांत धरून प्रथम रिकाम्या बंदुकीचे आवाज पाहूं गेल्यास सर्वांत सामान्य तो खडखडाट. त्याचें कारण पुष्कळदां हंसूं येण्यासारखें निघतें. ली-एन्फील्ड नमुन्याच्या सैनिकी रायफलींच्या दस्त्याच्या तळाशीं एक लहानशी झडप असते आणि तिच्या आंत पोकळी असते. तींत तेलाची पितळी कुपी आणि नळी पुसण्याची वजनदार टोंकाची दोरी ठेवीत. हा नमुना पुढें शिकारीच्या बंदुकींसाठींही पुष्कळ वापरला गेला. कुपीभोंवतालची चिंधी कुजून गेली म्हणजे ती कुपी आंतल्या आंत आपटूं लागते. झडप उघडून कुपी काढली कीं 'आजार' बरा! दुसरें कारण पट्ट्याची कडी. ती झिजून सैल झाली म्हणजे बंदूक हलतांच किणकिणते; बोटानें दाबून धरल्यास आवाज थांबतो, यावरून ती ओळखावी.

तिसरें कारण मात्र इतकें क्षुल्लक नाहीं. मराठवाड्याची हवा लांकडाची कठोर परीक्षा घेते. मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि हवा हाडासारखी कोरडी होते. दोन महिन्यांत तीच हवा ओलसर होते. घराचीं दारें पावसाळ्यांत फुगून अडकतात व उन्हाळ्यांत सैल होतात, हें सर्वांच्या अनुभवाचें आहे. बंदुकीचा दस्ता अक्रोडाच्या उत्तम लांकडाचा असला तरी त्यालाही हाच नियम. लांकूड असें वर्षांतून दोनदां हलतें, पोलाद मात्र जागच्या जागीं राहतें. त्यामुळें दोहोंना जोडणारे स्क्रू हळूहळू सैल होतात आणि दस्त्यावर थाप मारली म्हणजे एक पोकळ, दुहेरी 'टक्-टक्' ऐकूं येतो. आवाज लहान, पण परिणाम मोठा. गोळी सुटतांना बंदूक मागें धक्का देते. लोखंड व लांकूड यांत फट असली तर तो धक्का हातोड्यासारखा बसतो आणि दस्ता त्याच्या बारीक मानेशीं उभा चिरतो. स्क्रू आंवळतांना हत्याराचें पातें स्क्रूच्या खांचेंत नेमकें बसणारें हवें. घरांतील कोणतेंही हत्यार लावल्यास खांच फुटते आणि शंभर वर्षांचें काम एका मिनिटांत विद्रूप होतें.

दुनळी बंदुकीसाठीं एक परीक्षा अशी आहे कीं, ती ऐकून प्रत्येक गृहिणीला आपल्याच घरची वाटेल. मडकें घेतांना तें टिचकी मारून वाजवून घेतात. खणखणीत वाजलें तर अखंड, बद्द वाजलें तर फुटकें. दुनळी बंदुकीच्या नळ्या एकमेकींना स्वतंत्र पट्ट्यांनीं व डांखानें जोडलेल्या असतात. रिकाम्या बंदुकीच्या नळ्या दस्त्यापासून वेगळ्या कराव्या, त्यांच्या बुडाशीं असलेल्या आंकड्यांत बोट घालून त्या लोंबत्या धराव्या आणि लांकडी मुठीनें किंवा बोटाच्या पेरानें हलकेच ठोकाव्या. डांख सर्वत्र धरलेला असेल तर घंटेसारखा स्वच्छ, लांबणारा नाद उमटतो. कोठें डांख सुटला असेल तर नाद लगेच मरतो किंवा त्यांत फुटक्या भांड्याची झरझर मिसळते. मात्र एकादी सैल कडीसुद्धां अशीच झरझर करते. म्हणून ती आधीं बोटानें दाबून पाहावी. डांख सुटलेल्या जागीं पट्टीखालीं ओल शिरते आणि गंज डोळ्यांआड नळी खात राहतो. अशा बंदुकीचा बाहेरील निळा रंग कितीही शोभिवंत असला तरी ती चालवूं नये.

खटक्याचा आवाज हा तिसरा प्रकार. निरोगी रायफलीचा खटका तुटक, कोरडा आणि नेमका वाजतो. तो जर मऊ, ओढल्यासारखा किंवा किंचित् उशिरां वाजला, तर आंतील पिन अडखळत पुढें जात आहे असें समजावें. स्प्रिंग थकलेली असूं शकते. पण पुष्कळदां दोष असतो तेलाचा. घरोघर बंदुकीला हाताशीं असेल तें तेल लावण्याची पद्धति पडली. खोबरेल सुमारें चोवीस अंशांखालीं थिजतें. संभाजीनगरच्या हिंवाळ्यांत न्हाणीघरांतील खोबरेलाची बाटली शेगडीजवळ ठेवावी लागते, हें सर्वांना ठाऊक आहे; तेंच खोबरेल बोल्टच्या पोटांत असेल तर दुपारीं ठीक वाजणारा खटका पहांटे मंदावतो. जवसाचें तेल थिजत नाहीं, पण हवेंत वाळून त्याची वार्निशासारखी चिकट कातडी बनते. म्हणूनच तें दस्त्याच्या लांकडाला उत्तम आणि खटक्याला घातक. यंत्राच्या भागांना खनिज तेल, तेंही थेंबभर, एवढेंच योग्य. जुना चिकटा घासलेटानें धुऊन निघतो. आणखी एक: खटका ऐकावयाचा म्हणून रिकाम्या बंदुकीचा चाप पुनःपुन्हां ओढूं नये. समोर काडतुसाचा आधार नसल्यानें जुनी, ठिसूळ झालेली पिन मोडते; त्यासाठीं कारागीर नकली काडतूस वापरतात.

आतां राहिले बाराच्या वेळचे आवाज. जाणत्या कारागिरानें तपासून योग्य ठरविलेली बंदूक, रीतसर परवाना आणि नेमबाजीचें नियमित मैदान, या तीन अटी पुऱ्या झाल्यावरच ते ऐकण्याचा प्रसंग यावा. येथें चूक झाली तर ती सुधारण्यास दुसरी संधि मिळत नाहीं.

पहिला आवाज 'खट्' आणि मग स्तब्धता. काडतूस पेटलें नाहीं असें वाटून बंदूक तत्काळ उघडणें ही अनभिज्ञाची पहिली प्रेरणा, तीच प्राणघातक. टोपी जुनी होऊन मंद झाली असेल तर ती आंत धुमसत असते आणि बार क्षणा-दोन क्षणांनीं होतो. त्या वेळीं बोल्ट अर्धा उघडलेला असला तर काडतूस तोंडावर फुटतें. म्हणून बंदूक खांद्यावरून न हलवितां, तोंड लक्ष्याकडेच ठेवून, निदान एक मिनिट थांबावें आणि मगच चेहरा बाजूला ठेवून ती उघडावी. चकमकीच्या युगांतील तो जुना विलंब येथें परत आलेला असतो.

दुसरा आवाज फुसक्या बाराचा. तो ऐकून लोक हंसतात. वस्तुतः सर्व आवाजांत हाच अधिक भीषण. दारू ओली झाली किंवा नासली म्हणजे गोळीला नळीबाहेर पडण्याइतकें बळ मिळत नाहीं आणि ती मध्येंच अडकून बसते. धक्का कमी, आवाज बसका, समोर कांहींच लागलेलें नाहीं. अशा वेळीं शिकारी घाईनें दुसरें काडतूस भरतो. दुसरी गोळी पहिलीवर जाऊन आदळते, मागील वायूला वाट राहत नाहीं आणि पोलादी नळी फुगते किंवा फुटते. नियम एकच: आवाज नेहमींपेक्षां बारीक आला कीं दुसरा बार नाहीं. मिनिटभर थांबून बंदूक रिकामी करावी, बोल्ट काढून नळींतून उजेडाकडे पाहावें. उजेडाचें पूर्ण वर्तुळ दिसलें तरच नळी मोकळी.

तिसरा आवाज बाराबरोबर मागून येणारा फूत्कार. काडतुसाचें बूड आणि बोल्टचें तोंड यांमध्यें केसभरच अंतर असावें लागतें. जुन्या रायफलींत बोल्टच्या खुंट्या झिजून तें वाढतें. मग काडतूस मागें ताणलें जातें, त्याचें पितळ पातळ होतें आणि तप्त वायु चेहऱ्याच्या दिशेनें निसटतो. याची साक्ष वापरलेलें काडतूस देतें: बुडाच्या थोडें वर एक चकचकीत वलय दिसूं लागलें, तर पुढच्या कोणत्या तरी बाराला तें तेथूनच तुटणार. दुनळी बंदुकीचा चौथा एक आवाज आहे: एक चाप ओढला असतां दोन्ही बार एकदम होऊन बसणारा दणका. चापाची पकड झिजल्याचें तें लक्षण. अशा दणक्यानें खांदाही निखळतो आणि दस्ताही.

मात्र प्रत्येक दुहेरी आवाज बंदुकीच्या पोटांतला नसतो. ध्वनि सेकंदाला सुमारें ३४० मीटर चालतो. थ्री-नॉट-थ्रीची गोळी नळीबाहेर पडतांना त्याच्या दुपटीहून अधिक, म्हणजे सुमारें ७४० मीटर वेगानें जाते. त्यामुळें दूर, गोळीच्या वाटेजवळ उभ्या असलेल्याला आधीं गोळीनें हवा फाडल्याचा 'तडाक्' ऐकूं येतो आणि बंदुकीचा 'धड्' मागाहून पोंचतो. प्रतिध्वनीचेंही तसेंच. दौलताबादच्या कड्यापासून १७० मीटरांवर उभें राहून टाळी वाजविली तर ती एका सेकंदानें परत ऐकूं येते. तेव्हां डोंगराच्या कुशींत ऐकलेला दुसरा बार हा बंदुकीचा दोष नव्हे.

या बहुतेक आजारांचें मूळ दोन गोष्टींत सांपडतें: काडतूस आणि गंज. १९०७ च्या सुमारास सरकारनें ४५० बोअरच्या रायफलींची हिंदुस्थानांतील आयात बंद केली. त्यामुळें इंग्लंडच्या कारखानदारांनीं ४६५, ४७० असे निरनिराळे बोअर काढले. पुढें इच्छापूरच्या कारखान्याची ३१५ बोअरची रायफल देशभर पसरली. परिणाम असा कीं, जुन्या घरांत एक बंदूक आणि तिच्याशेजारीं भलत्याच बंदुकीचीं, पण दिसण्यांत सारखीं काडतुसें पडलेलीं असतात. नळीवर कोरलेला आंकडा आणि काडतुसाच्या बुडावरील आंकडा हे तंतोतंत जुळल्यावांचून तीं एकत्र येऊं देऊं नयेत. काळ्या दारूच्या काळांतील नळींत धूररहित दारूचें काडतूस तर कदापि घालूं नये. पहिल्या दारूचा दाब मंद, दुसरीचा कितीतरी तीव्र.

गंजाची गोष्ट विशेष बोधप्रद आहे. जुन्या काडतुसांच्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असे. तें जळल्यावर नळींत एक क्षार उरतो. तो मिठाचाच भाऊबंद. हवेंतील ओल ओढून घेतो आणि एका रात्रींत नळी गंजवितो. तो तेलांत विरघळत नाहीं, पाण्यांत विरघळतो. म्हणून अनुभवी सैनिक बाराच्या दिवशीं नळींतून उकळतें पाणी ओतून, ती कोरडी करून मगच तेल लावीत. पाण्यानें गंज टळतो, हें ऐकण्यास विपरीत वाटलें तरी खरें आहे. पूजेचें ओलें हळदकुंकू, फुलांचा ओलावा आणि हातांचा घाम हेही पोलादाचे वैरीच. ते त्याच संध्याकाळीं पुसून काढावे. बंदूक चामडी गवसणींतही कायमची ठेवूं नये, कारण चामडें ओल धरून ठेवतें.

शेवटीं प्रश्न उरतो तो असा कीं, आवाजाचें निदान झाल्यावर पुढें काय करावें? शिकारीचा काळ संपला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तो मार्ग बंद केला. ज्या रानांत पूर्वीं बंदुका वाजत, त्यांपैकीं कन्नड-चाळीसगांवकडील गौताळ्याचें रान १९८६ सालीं अभयारण्य झालें; आणि २०२१ सालीं यवतमाळकडील टिपेश्वरच्या रानांतून निघालेला एक वाघ चालत चालत तेथें येऊन पोंचला, ही आनंदाचीच गोष्ट. आनंदाच्या प्रसंगीं हवेंत बार काढण्याची हौसही आतां गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें, अशा बारानें कोणाच्या जिवाला धोका पोंचल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होतात.

"आमची बंदूक मोडकी आहे, तिला परवाना कशाला?" असें कांहीं घरांतून म्हटलें जातें. १९५९ च्या शस्त्र कायद्याची दृष्टि निराळी आहे. दुरुस्त करूनही चालणार नाहीं असें जुनें शस्त्र तेवढें वगळलेलें आहे. दुरुस्तीनें जी चालेल ती बंदूक कायद्याच्या दृष्टीनें बंदूकच. शिवाय परवाना माणसाचा असतो, घराण्याचा नव्हे. परवानाधारक निवर्तला म्हणजे वारसानें शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यांत किंवा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे ठेवावें आणि मग आपल्या नांवानें अर्ज करावा. एका व्यक्तीस, वारसानें आलेलीं धरूनही, दोनच बंदुका ठेवतां येतात. दुरुस्तीचें कामही परवाना असलेल्या कारागिराकडूनच करून घेतलें पाहिजे.

तेव्हां पुढच्या खंडेनवमीला बंदूक बाहेर निघेल आणि तिच्या पोटांत कांहीं खडखडेल, तेव्हां "चालायचेंच" म्हणून ती परत ठेवूं नये. कदाचित् ती दस्त्यांतील तेलाची कुपी असेल आणि सारें घर हंसेल. कदाचित् नळ्यांचा डांख सुटला असेल आणि त्या दिवशीं कानानें दिलेली सूचना एका घरावरील अनर्थ टाळील. दोहोंतील फरक कळेपर्यंत बंदूक रिकामी, काडतुसें दूर आणि लेकरें त्याहून दूर असावींत, एवढें केलें म्हणजे शस्त्राचा योग्य तो मान राखला असें होईल.